ब्रेक कुणी खोलला

वीस वर्षं मी लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासत आले आहे. दारात उभी राहिले आणि घरमालक गरजेपेक्षा गोड बोलायला लागला, की मी समजून जाते, इथे पाणी मुरतंय. सील शाबूत असतं, पण तारेचा पीळ उलटा असतो. झाकणावर धूळ असते, पण स्क्रूच्या डोक्यावर नसते. असल्या गोष्टी बघून बघून नजर बिघडते ती कायमची. माझी नणंद म्हणते, "वहिनी, तुम्ही स्वतःच्या सावलीचीही झडती घ्याल." घेईनही.

तर यंदा मला माझ्या नवऱ्याचा संशय आला. दुसऱ्या बाईचा नाही. तो असता तर चार मैत्रिणींना सांगून मोकळी झाले असते. माझा संशय असा, की तो माझी रायफल बिघडवतोय.

मी नेमबाज आहे. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, आता सत्तेचाळीस चालू आहे. नवरा बंदूकमिस्त्री. घरामागे त्याचं वर्कशॉप, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी तो चांदमारीच्या क्लबात जाऊन तिथल्या बंदुकांची देखभाल करतो. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणतं. मी 'अहो' म्हणते, आणि डोकं फिरलं की मीही मिस्त्रीच म्हणते.

ब्रेकचं खूळ त्याचंच. लांब पल्ल्याच्या रायफलीचा धक्का खाऊन खाऊन माझा खांदा हिरवानिळा व्हायचा, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस त्याने माझ्या काडतुसांत गुपचूप एक नकली काडतूस सरकवलं. मी चाप ओढला. बार झालाच नाही, आणि नळीने मात्र मान खाली घातली. मी धक्का यायच्या आधीच दचकत होते, ते उघडं पडलं.

"घाबरतेस," तो म्हणाला.

"मुळीच नाही."

"नळीला विचार."

मग त्याने आठवडाभर लेथवर बसून मझल ब्रेक बनवला. अंगठ्यापेक्षा थोडा जाड पोलादाचा तुकडा, दोन्ही बाजूंना भोकं. नळीच्या तोंडाला आट्यांवर बसतो. गोळीमागचा वायू बाजूने निघून जातो आणि खांद्याला बसणारा धक्का निम्म्यावर येतो. आमच्या प्रकारच्या स्पर्धेत तो चालतो.

बसवताना त्याने मला शेजारी उभं केलं होतं. बार होतो तेव्हा नळी थरथरते, आणि तिच्या टोकाला वजन लावलं की थरथर बदलते, म्हणून गोळी आधीपेक्षा वेगळ्या जागी लागते. लागू दे. रोज त्याच वेगळ्या जागी लागली म्हणजे झालं, दुर्बीण तेवढी फिरवून घ्यायची. पण त्यासाठी ब्रेक नळीच्या खांद्याला, म्हणजे आटे संपतात त्या कडेला, घट्ट टेकून, सरळ बसायला हवा. त्याचं भोक गोळीपेक्षा केसभरच मोठं. जरा तिरका बसला तर गोळी बाहेर पडता पडता कडेला घासते आणि मग तिचा काही नेम नाही. त्याने नळीतून एक घासलेली सळई घालून दाखवली. ती ब्रेकच्या भोकात मधोमध दिसत होती, चहूकडून सारखी फट. मग आकडा दाखवणाऱ्या पान्याने ब्रेक आवळला आणि म्हणाला, "आता याला कुणी हात लावायचा नाही. तूही नाही, मीही नाही."

पहिले दोन आठवडे मी हवेत होते. शंभर मीटरवर पाच गोळ्या कोटाच्या बटणाखाली झाकल्या जात. निवडीच्या तीन फेऱ्या होत्या, त्यातल्या चांगल्या दोन धरायच्या. पहिलीत मी सगळ्यांच्या वर आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं. निवडलेल्या दोघांना चार महिन्यांच्या शिबिराला जावं लागेल, लांब, मध्ये घरी येता येणार नाही.

"चार महिने?" नवरा म्हणाला. एवढंच. मग खाली मान घालून जेवला, आणि ताट उचलताना उगाचच म्हणाला की भात छान झालाय. भात त्यानेच लावला होता.

त्याच आठवड्यात रायफल वाकड्यात शिरली.

सकाळची पहिली गोळी दोन बोटं डावीकडे. दुरुस्त करून घेतलं तर दुसऱ्या दिवशी वर, उजवीकडे. तिसऱ्या दिवशी पाच गोळ्या पाच दिशांना, जणू एकमेकींशी भांडण झालंय. दुसरी फेरी तर मातीत गेली. मी सातवी आले. आता तिसऱ्या फेरीवर सगळं येऊन ठेपलं होतं. ती चुकली की शिबिर संपलं, आणि पुढची निवड होईपर्यंत मी पन्नाशीला टेकणार.

मी त्याला विचारलं. तो वर्कशॉपमध्ये कानस चालवत होता.

"दुर्बिणीचे स्क्रू बघितलेस?"

"बघितले."

"काडतुसं?"

"त्याच पेटीतली."

"मग श्वास चुकत असेल."

म्हणजे दोष माझा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ब्रेक ढिला झाला असेल तर?"

"मी बसवलेला ब्रेक ढिला होत नाही," तो म्हणाला, आणि कानस पुन्हा सुरू.

एरवी कुणाच्या बंदुकीचा चाप जरा जड लागला तरी हा माणूस जेवण सोडून उठतो. माझी रायफल गोळ्या उधळतेय आणि याला उठून बघावंसंही वाटत नाही? वीस वर्षांचा माझा अनुभव सांगतो, ज्याला मीटरमध्ये काय आहे ते आधीच माहीत असतं, तो झाकण उघडायला येत नाही.

नणंदेला फोन केला, तर तिने तेलच ओतलं. "दादा परवा इथे येऊन बसला होता. म्हणाला, घर खायला उठेल. तुम्ही जाऊच नका ना वहिनी, या वयात कसली शिबिरं?"

आमच्या घरी रायफल ठेवायला परवानगी नाही. ती क्लबाच्या कोठीत, कुलपात असते. किल्ली कोठीवाल्या काकांकडे. काका पूर्वी पाण्याच्या टाक्यांवर पंपचालक होते, आता दिवसभर कोठीच्या दारात स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वहीत सही घेतात. गेल्या महिन्यात तपासणी झाली, जुने फळ्यांचे रॅक मोडीत निघाले आणि प्रत्येक रायफलीला वेगळा कप्पा, वेगळं कुलूप अशी पोलादी कपाटं आली. काका तेव्हापासून बँकेच्या तिजोरीवर नेमल्यासारखे चालतात. सकाळी आम्ही येण्याआधी सगळ्या रायफली टेबलावर ओळीने मांडून ठेवतात, तोंडं एका रेषेत. म्हणजे माझ्या रायफलीजवळ एकटं जाऊ शकणारी माणसं दोनच, काका आणि मिस्त्री. काकांना बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही.

गुरुवारी सराव संपल्यावर नणंद आमच्याकडे विसरून गेलेली लाल नेलपेंटची बाटली मी काढली आणि नळी व ब्रेक जिथे भेटतात तिथे खालच्या अंगाला आडवी बारीक रेघ ओढली. सील लावायची माझी ही जुनी रीत आहे. कुणी ब्रेक फिरवला की रेघेचे दोन तुकडे होणार, आणि ते पुन्हा तंतोतंत जुळवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

शुक्रवारी नवरा क्लबात गेला. संध्याकाळी आला, हात धुतले, आणि मला विचारलं, "उद्या सराव आहे ना? खांदा कसा आहे?" मी म्हटलं बरा आहे. किती काळजी! मला तर शिसारी आली, खरं सांगते.

शनिवारी सकाळी टेबलाजवळ जाऊन वाकले. रेघेचे दोन तुकडे झाले होते. नळीवरचा एकीकडे, ब्रेकवरचा मुगाच्या दाण्याएवढा सरकलेला.

माणसाला आपलं खरं ठरावं असं वाटत असतं ना? मला त्या क्षणी वाटत होतं की आपण खोटं ठरावं.

क्लबाच्या बाकावर भिंगवाले बसले होते. हेही बंदूकमिस्त्री, डोळ्याला घड्याळजीचं भिंग कायम. आमच्या यांचं आणि त्यांचं बारा वर्षं विळ्याभोपळ्याचं नातं, एका नळीच्या मापावरून. मी रायफल त्यांच्यापुढे धरली. यांना कळलं तर घरात काय होईल ते ठाऊक होतं, तरी धरली.

भिंगवाल्यांनी आधी ब्रेकच्या तोंडात बघितलं. "हे बघा. कडेला तांब्याची झाक. गोळी घासतेय." मग ब्रेक काढला. हाताने निघाला. "पान्याने आवळलेला नव्हता. आणि हे काय?"

आट्यांमध्ये पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. नळाला लावतात ती, पाणी गळू नये म्हणून.

"याच्यामुळे ब्रेक खांद्याला टेकतच नाही. पट्टीवर तरंगतोय," भिंगवाले म्हणाले. "जरासा कलतो, आणि दर वेळी वेगळा कलतो. कुणी केलं हे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी भिंग वर सरकवलं. "अडाण्याने केलं असेल. नाहीतर फार शहाण्याने. अडाण्यावर ढकलता यावं म्हणून."

घरी आले ती तडक मोरीत गेले. नळाखालच्या डब्यात पांढऱ्या पट्टीचं रीळ होतं. गेल्याच रविवारी यांनी नळ दुरुस्त केला होता. मी रीळ उचललं आणि वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवर ठेवलं.

"मिस्त्री, माझी रायफल तुम्ही खोलता का?"

त्याने लेथ बंद केली. "काय?"

"ब्रेक काढून, पट्टी गुंडाळून परत लावलाय. खूण फिरलीय. मी गुरुवारी खूण केली होती आणि शुक्रवारी तुम्ही तिथे होतात."

"तू खूण केली होतीस?" तो म्हणाला. "माझ्यासाठी?"

"ज्याला लागू पडेल त्याच्यासाठी. भिंगवाल्यांनी पण सांगितलं, कुणीतरी—"

"त्याच्याकडे गेलीस?"

"तुम्ही बघायला तयार नव्हतात, मग कुणाकडे जाऊ? चार महिने नको होते तर तोंडाने सांगायचं. मी कदाचित गेलेही नसते. पण हे असं, पाठीमागून?"

त्याने त्या रिळाकडे बघितलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. मी त्याच्या तयारीनेच आले होते, उत्तरंसुद्धा पाठ होती.

"तुला खरंच तसं वाटतं?"

"वाटत नाही. दिसतंय."

त्याने रीळ उचलून माझ्या हातात दिलं आणि लेथ सुरू केली. लेथच्या आवाजात भांडता येत नाही.

दुपारी मी ठरवलं, उद्याची तिसरी फेरी होईपर्यंत रायफल नजरेआड करायची नाही. क्लबात गेले. भिंगवाल्यांनी पट्टी काढून ब्रेक हाताने चढवून ठेवला होता. उद्या सकाळी आपली हत्यारं आणून नीट आवळून देतो म्हणाले होते. मी रायफल घेऊन कोठीतच खुर्ची टाकली. काका दोनदा येऊन डोकावले. पाच वाजले.

"ताई, उठा आता. मला बंद करायचंय."

"करा ना. मी आहे इथे. कुलूप लागलेलं बघूनच जाते."

काका जरा घुटमळले. मग मुकाट्याने रायफल उचलली, खिशातून रबरी फडकं काढलं, ब्रेकला गुंडाळलं आणि पिळून तो काढायला लागले.

"काका! काय करताय?"

"रोजचंच, ताई." ब्रेक निघाला. काकांनी तो कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवला, रायफल आत उभी केली, दार लावलं. दार बरोबर बसलं. "तुमची रायफल यात मावत नाही हो. कपाटांची मापं मीच दिली होती, सगळ्या रायफली फुटपट्टीने मोजून. तुमचा हा तुकडा मागाहून लागला, आणि ती चार बोटं वाढली. दार लागेना. दार लागलं नाही तर कुलूप नाही, आणि कुलूप नाही तर मी घरी."

"रोज काढता?"

"रोज संध्याकाळी काढतो, सकाळी तुम्ही यायच्या आत लावतो. हलगर्जीपणा नाही हां." त्यांनी अभिमानाने खिशातून पांढरं रीळ काढलं. "पट्टी लावून बसवतो. तीस वर्षं पंपावर होतो, ताई. पाणी गळू दिलं नाही, ही तर गोळी."

हसावं की रडावं कळेना. कपाटं कधी आली ते मला तारखेनिशी माहीत होतं. पत्र कधी आलं तेही. दोन्ही एकाच आठवड्यातली, आणि मी पत्र उचललं, कारण त्यात नवरा होता.

"मिस्त्रींना का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली. मापं चुकली म्हणून रागावतील. आणि ते तुमच्या कप्प्याकडे फिरकतच नाहीत ना. मी एकदा म्हटलंसुद्धा, घरच्या रायफलीला तेल तरी घाला. तर म्हणाले, नको काका, निवड चालू आहे. मिस्त्रीने बायकोच्या रायफलीला जास्त वेळ दिला असं कुणी म्हणायला नको. तिने स्वतःच्या जोरावर जावं."

मला लाज वाटली. खूप वाटली. ती शब्दांत मांडून काही उपयोग नाही.

फोन केला. "अहो," म्हटलं, आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं, कपाट, काका, पट्टी. तो म्हणाला, "आलोच."

तो पंधरा मिनिटांत हत्यारांची पेटी घेऊन आला. काकांनी त्याला बघून कानच धरले. तो हसला. "अहो काका, पट्टी लावलीत ती लावलीत, उलटी तरी गुंडाळायची नाही." काका हसले, मीही हसले, जरा जास्तच. त्याने ब्रशने आटे साफ केले, सळई घालून बघितली, मला दाखवली. ब्रेक आवळला, पान्याचा आकडा मला वाचायला लावला. मग उरलेल्या उजेडात मी दहा गोळ्या झाडल्या आणि दुर्बीण जुळवून घेतली. शेवटच्या पाच एकाच भोकात गेल्या म्हटलं तरी चालेल. रायफल रात्रीपुरती काकांच्या जुन्या लांब पेटीत, दोन कुलपांत गेली.

घरी जाताना मी म्हटलं, "चुकलं माझं."

"उद्या लवकर उठायचंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं, सुटले. चोवीस वर्षांचा संसार आहे, एवढ्याने काय होतंय?

रविवारी वारा होता, पण रायफल शहाण्यासारखी वागली. दुपारी फळ्यावर निकाल लागला. दुसरं नाव माझं होतं. भिंगवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी दोरीपलीकडे नवऱ्याला शोधत होते. तो सगळ्यात मागे उभा होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते, हे मी दुरूनही बघितलं. जवळ गेले तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जा तू," म्हणाला. "चार महिने काय, बघता बघता जातील. भात येतो मला."

माझ्या एका हातात चटई, दुसऱ्या हातात दुर्बिणीचा स्टँड, खांद्यावर पिशवी. रायफल टेबलावर होती.

"रायफल तेवढी कोठीत ठेवता का? मी आलेच मागून."

त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मग मागे घेऊन पाठीशी बांधला आणि कोठीकडे वळून हाक मारली.

"काका, जरा इकडे या. हिची रायफल आत न्यायची आहे. तुम्ही माझ्यासोबत चला."

"अहो, चार पावलांवर तर आहे कोठी," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. "कुणीतरी बघायला असलेलं बरं."